स्वस्तातला टीव्ही घ्यायला जाताना पेनड्राइव्ह सोबत न्या

शोरूममधल्या डेमो व्हिडिओवर कुठलाही टीव्ही भारीच दिसतो, त्यावरून काही ठरवू नका.

१. पेनड्राइव्हवर क्रिकेटची एक आणि रात्रीच्या सीनची एक क्लिप एमपी४मध्ये टाकून न्या.
२. पिक्चर मोड बहुतेक ‘व्हिव्हिड’वर असतो, तो ‘स्टँडर्ड’ करायला सांगा आणि मगच क्लिप लावा, अंधारात काळे केस मागच्या भिंतीपासून वेगळे दिसतात का, बॉलमागं शेपटी येते का बघा, आणि बाजूला सरकून, खाली बसूनही बघाच कारण घरी सगळे काय बरोब्बर समोर बसत नाहीत.
३. मेनू अडकत चालतो का तेही बघा.

खोक्यावर ‘एचडीआर’ (उजेड आणि अंधारातला फरक जास्त ठळक दाखवणारं तंत्र) लिहिलंय म्हणून जास्त पैसे मोजू नका, स्वस्त पॅनेलला सहसा तेवढा ब्राइटनेसच नसतो.