पोरांना 'दमवायला' मैदानावर पाठवताय? या चुका टाळा

देवगड तालुक्यात समुद्राला लागून असलेल्या एका गावात मी संध्याकाळी तेरा ते सतरा वयाच्या पोरापोरींचा खेळ घेतो. खोखो, कबड्डी, कधी नुसतीच पळापळी. कोच-बिच कोणी नाही मी, गळ्यात एक शिट्टी आहे आणि हातात वेळ आहे एवढंच. आयाबाया येऊन सांगतात की पोरगं मोबाइलमधून मान वर काढत नाही, सारखं चिडचिड करतं, त्याला घेऊन जा आणि चांगलं दमव. पहिला घोळ तिथेच होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सल्ल्यात 5 ते 17 वयासाठी दिवसाला सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगितली आहे, त्यात आठवड्यातून तीन दिवस तरी जोराची. यातला 'सरासरी' हा शब्द सगळे गाळतात आणि 60 मिनिटं एका दमात पाहिजेत असं धरून चालतात. तसं कुणीच म्हटलेलं नाही हो. शाळेची घाटी चढलात, मधल्या सुट्टीत लंगडी घातलीत, संध्याकाळी अर्धा तास कबड्डी, सगळं धरायचं त्यात.

आता माझी स्वतःची चूक. एक पोरगा रोज उशिरा यायचा, तोंड पाडून. एकदा वैतागून मी त्याला कोरड्या पुळणीवर पाच राउंड मारायला लावले. मारले बिचाऱ्याने, काही बोलला नाही, आणि शेवटी खाली बसून म्हणाला, "दादा, सकाळी रापणीक गेललंय." म्हणजे पहाटेपासून जाळं ओढून, मग शाळा करून, मग माझ्यासमोर. त्यात भुसभुशीत वाळूत पळायला कडक जमिनीच्या दीडपटीहून जास्त ताकद लागते, हे मला नंतर कळलं (पळवायचंच असेल तर ओहोटीला ओल्या वाळूवर पळवा, तीही फार उतरती नको, नाहीतर नडग्या दुखतात). पण वाळूपेक्षा वाईट काय असेल तर शिक्षा म्हणून पळवणं. आणि दुसरं असं की रापण ओढणं, आंब्याच्या पेट्या उचलणं, हंडे भरणं यात अंग भरपूर हलतं पण मन हलकं होईलच असं नाही, कारण ते आपल्या मर्जीने केलेलं नसतं, घरची गरज असते ती. असं पोरगं आलं की त्याला अजून दमवू नका, स्कोअर धरायला द्या, नुसतं गप्पा मारत बसू द्या, आणि लवकर झोपू द्या. या वयात आठ ते दहा तास झोप लागते, ती कुठे मिळते यांना.

मुलींचं बोलायचं तर लोक सरळ 'आळशी झाल्यात' म्हणून मोकळे होतात. 2016 च्या जागतिक आकड्यांत 11 ते 17 वयातल्या 85 टक्के मुलींची हालचाल कमी पडत होती आणि मुलगे 78 टक्के, म्हणजे मुलग्यांनीही शहाणपणा शिकवू नये. आमच्याकडे कारणं साधी असतात. रस्त्याला लाइट नाही, दिवेलागणीला घरात पाहिजे, मैदानाच्या कठड्यावर बघे बसलेले, आणि जवळ धड बाथरूम नाही. आम्ही वेळ साडेचारची केली, बघ्यांना हाकललं, ट्रॅक पँटची सक्ती काढली. आणि सुरुवात फुगडीने केली! गौरी-गणपतीत रात्र रात्र फुगड्या घालणाऱ्या पोरी मैदानावर 'मला जमणार नाही' म्हणतात, कारण फुगडीला व्यायाम म्हणायचं कुणी सांगितलेलंच नाही. जाखडी नाचाच्या तालमीचंही तेच.

पावसाळ्यात सगळं बंद पाडणं ही अजून एक चूक. जून ते सप्टेंबर चार महिने पोरं घरात कुबट कपड्यांच्या वासात, मग चिडचिड वाढली की मोबाइलला शिव्या. आम्ही आधी देवळाच्या सभामंडपात जमायचो. दोन-तीन मुसलमान पोरं आणि बागेत राखणीला असलेल्या नेपाळी कुटुंबातला एक मुलगा हळूहळू यायचे बंद झाले, तक्रार कुणीच केली नाही, मलाच लक्षात यायला महिना लागला. आता शाळेच्या पडवीत जमतो, सगळे येतात. रमजानमध्ये रोजा असलेल्यांना पळण्यातून सुट्टी, आणि 'एक घोट पाणी पी रे' असला आग्रह तर नकोच.

रील बघून भात सोडणं आणि प्रोटीन पावडरचे डबे आणणं यावर जास्त लिहीत नाही. पेज, बांगडा, कुळथाची पिठी यात वाढत्या अंगाला बरंच काही मिळतं. मुलीची पाळी व्यायाम सुरू झाल्यावर थांबली तर मात्र कौतुक थांबवा आणि डॉक्टरकडे न्या, बहुतेकदा खाणं कमी पडतंय.

आणि सगळ्यात जपायची गोष्ट, उदास पोराला 'जा पळून ये, बरं वाटेल' म्हणून वाटेला लावू नका. खेळाने मूड सुधारतो, झोप लागते हे खरंच, पण दोन आठवडे झाले तरी पोरगं खात नाही, आवडत्या खेळाकडेही बघत नाही, मरणाच्या गोष्टी करतं, तर ते खेळाच्या हातातलं राहिलं नाही. मरणाचं बोललं तर दोन आठवडे थांबायचंही नाही. त्याला एकटं सोडू नका, डॉक्टर गाठा. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, तिचा नंबर 14416, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. आमच्या वाडीत रेंज मिळत नाही, सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर जावं लागतं. तर पोराबरोबर सड्यापर्यंत चालत जा, वाटेत काही विचारू नका, तो बोलला तर ऐका, आणि फोन लागला की नजरेच्या टप्प्यात राहून थोडं लांब उभे राहा.