शुक्ल दशमीच्या चंद्रावर कोपर्निकस विवर कसे पाहावे

कोपर्निकस पाहण्यासाठी पौर्णिमेची वाट पाहू नये. पौर्णिमेला सूर्य या विवराच्या जवळजवळ माथ्यावर असतो, सावल्या नाहीशा होतात आणि ९३ किलोमीटर रुंद व सुमारे ३.८ किलोमीटर खोल अशा खड्ड्याच्या जागी केवळ पांढरा डाग उरतो. तेथे सूर्योदय होतो तो शुक्ल दशमीच्या सुमारास. चंद्राच्या डोलण्यामुळे ही वेळ काही तास पुढेमागे होते, म्हणून नवमी ते एकादशी अशा तिन्ही संध्याकाळी राखून ठेवाव्यात. फाल्गुन-चैत्रात या तिथींचा चंद्र महाराष्ट्रातून फार उंचावर दिसतो, त्यामुळे ते दिवस मला सर्वांत सोयीचे वाटतात.

सत्तर मिलिमीटरची दुर्बीण पुरेशी आहे. ती अर्धा तास आधी बाहेर ठेवावी, आणि दिवसभर तापलेल्या गच्चीऐवजी माती किंवा गवतावर मांडावी. तापलेल्या स्लॅबवरून वर चढणाऱ्या हवेत विवराची कड पाण्याखाली असल्यासारखी थरथरते. प्रथम चाळीस-पन्नास पट वर्धनाची नेत्रिका (डोळा लावायचे भिंग) लावून चंद्रावरील अ‍ॅपेनाइन पर्वतरांग शोधावी. तिच्या दक्षिण टोकाशी एराटोस्थेनिस विवर आहे आणि तेथून थोडे नैर्ऋत्येला, उजेड-अंधाराच्या सीमेवर, कोपर्निकस सापडते. परावर्ती (आरशाच्या) दुर्बिणीत चित्र उलटे दिसते, हे नकाशाशी ताडताना लक्षात ठेवावे.

आता वर्धन शंभर-दीडशे पटींपर्यंत वाढवावे आणि घाई न करता डोळा लावून बसावे. आरंभी कड उजळलेली असते, तळ मात्र शाईने भरलेल्या वाटीसारखा काळा असतो. पश्चिमेच्या भिंतीवर ऊन पडले की तिच्या पायऱ्या उलगडतात. अवकाशातून आदळलेल्या ज्या खडकाने हे विवर झाले, त्याच्या आघातानंतर भिंती आत खचल्यामुळे त्या तयार झाल्या. मग काळोखात एक-दोन ठिपके चमकतात. ती मध्यभागी असलेल्या, सुमारे १.२ किलोमीटरपर्यंत उंच शिखरांची टोके होत. आघाताने दबलेला खडक उसळून वर आल्याने ती उभी राहिली. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार ज्यांनी पाहिले आहे त्यांनी येथे जरूर थांबावे: तेही आघातविवरच, पण व्यास जेमतेम १.८ किलोमीटर, त्यामुळे त्याचा आकार साध्या वाटीसारखा राहिला. पुढच्या रात्री तळ उजळला की त्याचा दक्षिण भाग खडबडीत आणि उत्तर भाग बराच सपाट दिसतो.

परिसर पाहिल्याशिवाय दुर्बीण आवरू नये. कोपर्निकस आणि एराटोस्थेनिस यांच्यामध्ये स्टेडियस या जुन्या, लाव्ह्यात बुडालेल्या विवराचे पुसट कडे आहे. त्याच्याजवळ बारीक खड्ड्यांची माळ दिसते. कोपर्निकसच्या आघाताने उडालेले खडक कोसळून ती झाली. उत्तरेला कार्पेथियन पर्वत आहेत.

पौर्णिमेच्या रात्री मात्र याच विवरातून निघणारे किरणपट्टे, म्हणजे आघाताने उडालेल्या खडक-धुळीचे उजळ पट्टे, पाहण्यासाठी पुन्हा यावे. ते सुमारे ८०० किलोमीटरपर्यंत पसरले आहेत. नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो १२ हे यान याच्याच एका पट्ट्याच्या भागात उतरले आणि तेथून आणलेल्या नमुन्यांवरून विवराचे वय सुमारे ८० कोटी वर्षे ठरवण्यात आले. प्रत्येक वेळी पेन्सिलीने साधे चित्र काढून तिथी व वेळ लिहावी. त्यानंतर कृष्ण दशमीच्या पहाटे उठून पाहिल्यास पूर्वेची भिंत उन्हात आणि पश्चिमेची सावलीत असेल. ते चित्र पहिल्या चित्राशेजारी ठेवावे.