आगोटीची बेगमी आणि प्लिमथचा हिवाळा : कुमार वाचकाची वही कशी घडवावी

अमेरिकेत पहिल्यांदा वस्ती करणाऱ्या युरोपीय कुटुंबांच्या, तिथे आणून विकल्या गेलेल्या आफ्रिकी माणसांच्या किंवा त्या भूमीवर आधीपासून राहणाऱ्या जमातींच्या जीवनावरील ऐतिहासिक कादंबरी अकरा ते चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती पडली, की घरातील मोठी माणसे बहुधा एकच काम सांगतात, ते म्हणजे वाचून झाल्यावर सारांश लिहिण्याचे. दापोली तालुक्यात किनाऱ्यालगतच्या गावांतील मुलांबरोबर मी गेली काही वर्षे अशी पुस्तके वाचत आहे, आणि माझा अनुभव असा की सारांश मलपृष्ठावरील मजकुरावरूनही लिहिता येतो व मुले तो तसाच लिहितात. त्याऐवजी वाचताना जे वाटले ते मुलाने नोंदवावे, ते आपल्या घरच्या अनुभवाशी ताडून पाहावे आणि मग हे साम्य नेमके कुठे तुटते ते शोधावे, अशी वही कशी करून घ्यायची ते इथे सांगत आहे. साम्य तुटते ती जागा शोधण्याचा टप्पा गाळू नये. ‘अगदी आपल्यासारखेच’ एवढे लिहून थांबलेले मूल पुस्तकात जाऊन आपलेच शेजारी पाहून परत आलेले असते.

पुस्तक निवडताना प्रथम शेवटची पाने उघडून पाहावीत. खरे काय आणि रचलेले काय हे लेखकाने तिथे स्वतः सांगितले असेल, तर ते पुस्तक आधी घ्यावे. मुलाला इंग्रजी जड जात असेल तर अनुवाद चालेल, किंवा मोठ्यांनी रोज एक प्रकरण वाचून त्याचा अर्थ सांगितला तरी चालेल. वही मात्र मराठीतच असावी, आणि घरात बोलली जाते तशा मराठीत असली तरी तिच्यावर लाल शाई फिरवू नये.

वाचनाला सुरुवात करण्यापूर्वी एका लांब कागदावर कालरेषा आखावी. वरच्या ओळीत तिकडच्या घटना, खालच्या ओळीत इकडच्या. मुलांना शिवाजी महाराजांच्या जन्माचे साल पाठ असते. १६३० हे तेच साल बोस्टन शहर वसल्याचेही आहे, हे कळताच ‘फार पूर्वी’ या धूसर शब्दाला जागा मिळते. हर्णैच्या बंदरावर उभे राहिले की समोर सुवर्णदुर्ग दिसतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमाराने तो तुळाजी आंग्र्यांकडून १७५५ साली घेतला, आणि त्याच वर्षी पेनसिल्व्हानियाच्या रानात फ्रेंच व त्यांच्या मित्रजमातींनी ब्रिटिश सेनापती ब्रॅडॉकचा धुव्वा उडवला, तेव्हा त्याच्या दिमतीला तेवीस वर्षांचा जॉर्ज वॉशिंग्टन होता. १७७३ च्या ऑगस्टमध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तर त्याच वर्षी १६ डिसेंबरच्या रात्री बोस्टनच्या बंदरात चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या गेल्या. तो चहा आसामचा असावा असे मुले हमखास लिहितात. तो कंपनीने आणलेला चिनी चहा होता, कारण आसामात चहाची लागवड व्हायला अजून साठेक वर्षे होती. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात यॉर्कटाउनला १७८१ मध्ये शरण आलेला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस पाचच वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे आला, हे सांगितल्यावर तर एका मुलाने कालरेषेच्या दोन ओळींमध्ये त्याचे गलबतच काढून दिले. एवढी तयारी एका संध्याकाळी होते.

वहीची रचना साधी ठेवावी. डावे पान ‘वाटले’ आणि उजवे पान ‘पडताळले’. डाव्या पानावर वाचता वाचता जिथे अडखळायला झाले, राग आला, हसू आले किंवा विश्वास बसला नाही, तिथला पृष्ठक्रमांक आणि दोन-तीन वाक्ये एवढेच लिहावे. उजवे पान त्या दिवशी कोरे राहू द्यावे. ते भरण्यासाठी दुसरे पुस्तक, नकाशा, विश्वकोश किंवा घरातील जाणते माणूस लागते, आणि त्याला आठवडाही लागू शकतो.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते एका नोंदीवरून सांगते. सातवीतील एक मुलगी अमेरिकेतील प्लिमथ या इंग्रजांच्या वसाहतीतील पहिल्या हिवाळ्यावरची कादंबरी वाचत होती. मेफ्लॉवर जहाजावरील १०२ प्रवाशांपैकी जवळजवळ निम्मे लोक वसंत ऋतू येईपर्यंत दगावले, हा भाग वाचून तिने डाव्या पानावर एकच वाक्य लिहिले होते: ‘यांनी आगोट का भरली नाही?’ तिच्या घरी मे महिन्यात कुळीथ, सुकट, आमसुले, सांडगे, फणसाची साटे, कोरडी लाकडे आणि गोवऱ्या अशी पावसाची बेगमी, म्हणजेच आगोट, भरली जाते, त्यामुळे संकट येणार हे माहीत असताना रिकाम्या घरात बसून राहणारी माणसे तिला निव्वळ आळशी वाटली. अशा वेळी मोठ्या माणसाने हसून विषय बदलणे किंवा घाईने उत्तर देणे, या दोन्ही गोष्टी वाईट. मी तिला एवढेच म्हटले, की तुझ्या आजीला आगोट कधी भरायची हे कुणी सांगितले ते तिला विचार, आणि हे लोक किनाऱ्याला कोणत्या महिन्यात लागले ते पुस्तकात शोध.

आजीने सांगितले, की तिला तिच्या सासूने शिकवले आणि सासूला तिच्या सासूने. पुस्तकात सापडले, की जहाज नोव्हेंबर १६२० मध्ये पोहोचले, म्हणजे पेरणीचा हंगाम केव्हाच उलटून गेला होता, आणि तिथली थंडी किती कडक असते हे शिकवणारे त्यांच्या घरात कुणी नव्हते. उजव्या पानावर हे दोन मुद्दे आले, आणि साम्य तुटले ते इथे. आपल्याकडे मृग कधी लागतो हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्यांना त्या जागेचा एकही हंगाम ठाऊक नव्हता. पण ही मुलगी तिथेही थांबली नाही. प्लिमथजवळच्या केप कॉडच्या किनाऱ्यावर फिरताना या प्रवाशांना जमिनीत पुरून ठेवलेला मक्याचा साठा सापडला व त्यांनी तो उकरून नेला, हे तिला पुढे दुसऱ्या पुस्तकात मिळाले. तो साठा तिथल्या मूळ रहिवाशांचा होता. तिने उजव्या पानाच्या तळाशी लिहिले: ‘आगोट भरलेली होती. पण दुसऱ्यांनी.’ मी शिकवून हे वाक्य तिला लिहिता आले नसते.

जमिनीच्या प्रश्नावर कोकणातील मुलांना एक हुकमी फायदा मिळतो, तो वाया घालवू नये. अशा कादंबऱ्यांत ‘रिकामी, ओसाड जमीन’ हे शब्द वारंवार येतात. डोंगरउतारावरची वरकस जमीन पाहुण्याला रिकामीच दिसते, परंतु गवत, कवळ (भाजावळीसाठी तोडलेल्या डहाळ्या), जळण आणि गुरांची चराई हे सगळे त्याच जमिनीवर चालते, हे इथल्या मुलाला कुणी सांगावे लागत नाही. म्हणून असा शब्द आला की त्याखाली रेघ मारून ‘ही जमीन खरोखर कोण वापरत होते?’ हा प्रश्न डाव्या पानावर लिहायला सांगावा. प्लिमथची वसाहत ज्या जागी उभी राहिली ते पटक्सेट नावाचे वाम्पानोआग लोकांचे गाव होते, आणि ते रिकामे दिसण्याचे कारण असे, की १६१६ ते १६१९ या काळात युरोपीय जहाजांबरोबर आलेल्या साथीने तिथली वस्ती जवळपास पुसून टाकली होती. नंतरच्या काळातील पुस्तकांत १८६२ चा होमस्टेड कायदा येतो, ज्यानुसार पाच वर्षे राहून जमीन कसणाऱ्याला १६० एकर मिळत. या आकड्याचे गुंठे करायला सांगावेत. उत्तर ६,४०० येते, आणि सातबाऱ्यावरील सात-आठ गुंठ्यांसाठी भावाभावांत चाललेली भांडणे ऐकलेले मूल त्या आकड्यापाशी बराच वेळ थांबते. पहिली प्रतिक्रिया बहुधा हेव्याची असते. ती खोडू नये. तिच्यासमोरच्या पानावर, त्या जमिनीवरून आधी कुणाला हलवले गेले याचा शोध लिहून घ्यावा.

नोकर, गडी आणि गुलाम हे शब्द मुले एकमेकांच्या जागी वापरतात, तिथे मात्र ताबडतोब आणि ठामपणे दुरुस्ती करावी. जहाजाच्या भाड्याच्या बदल्यात साधारण चार ते सात वर्षे राबण्याचा करार करून आलेले गोरे नोकर होते. त्यांचे हाल कमी नव्हते, पण गिरमिटाला मुदत होती. व्हर्जिनियात १६१९ मध्ये आफ्रिकी माणसांची विक्री झाली, आणि १६६२ मध्ये तिथल्या कायद्याने मूल आईच्या दर्जाचे ठरवले, म्हणजे गुलाम आईचे मूल जन्मतःच गुलाम. हा फरक वाक्यात सांगून मुलाच्या मनात उतरत नाही. फिलिस व्हीटलीचे उदाहरण द्यावे. सात-आठ वर्षांची ही मुलगी १७६१ मध्ये पश्चिम आफ्रिकेतून बोस्टनला आणली गेली. ज्या जहाजातून तिला आणले त्याचे नाव फिलिस, आणि ज्या कुटुंबाने विकत घेतले ते व्हीटली. तिच्या कवितांचा संग्रह १७७३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला, पण आईवडिलांनी ठेवलेले तिचे नाव कुठेही नोंदलेले नाही. हे ऐकल्यावर एका नाखवाच्या मुलाने आपल्या वडिलांच्या होडीचे नाव वहीत लिहिले आणि खाली लिहिले, ‘मला कोणी या नावाने हाक मारली तर?’ त्या पानावर पडताळण्यासारखे काही नव्हते, म्हणून उजवी बाजू कोरीच ठेवली.

साथीच्या रोगावरील कादंबऱ्या मुलांना सर्वाधिक आवडतात, असे माझे निरीक्षण आहे. १७९३ मध्ये फिलाडेल्फियात, जे त्या वेळी राजधानीचे शहर होते, पीतज्वराने सुमारे ५,००० माणसे मेली, म्हणजे शहरातील साधारण दर दहांतील एक. रोग डासामुळे पसरतो हे तेव्हा कुणालाही माहीत नव्हते; ते सिद्ध व्हायला १९०० साल उजाडले. पात्रे तोंडावर व्हिनेगरचे फडके धरून फिरतात, तेव्हा मुले त्यांना मूर्ख ठरवतात. इथे सांगावे की हा डास एडिस जातीचा, म्हणजे ज्याच्यामुळे डेंग्यू होतो आणि ज्याच्यासाठी आरोग्यसेविका आपल्याला आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगते, तोच. मग विचारावे, की आरोग्यसेविकेने सांगितले नसते, तर पडवीतल्या पिंपातले पाणी आपण ओतले असते का? शहरातून पळालेल्या लोकांना आजूबाजूची गावे आत घेत नव्हती, हा भागही सोडू नये. २०२० मध्ये मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना गावाबाहेरच्या शाळेत ठेवले होते, ते आठवणारी माणसे प्रत्येक घरात आहेत, आणि त्यांच्याकडून मिळालेली दोन वाक्ये उजव्या पानावर शोभून दिसतात.

अमेरिकेतील सेलम गावच्या चेटूक-खटल्यांवर फार वेळ घालवू नये, एक चूक तेवढी सुधारावी. १६९२ मध्ये तिथे कुणालाही जाळले नाही. १९ जणांना फाशी दिले आणि एका वृद्धाला दगडांखाली चिरडून मारले. जाळल्याचे चित्र मुलांच्या मनात युरोपातील गोष्टींवरून आलेले असते.

पुस्तक संपल्यावर मुलाला कथेतील मुख्य पात्राऐवजी कडेला उभ्या असलेल्या एखाद्या पात्राच्या नजरेतून एकच प्रसंग लिहायला सांगावा: पाणी भरणारी मुलगी, जहाजावरचा पोऱ्या, किंवा वसाहतीत मका विकायला आलेला माणूस. अट एवढीच, की त्या पात्राला दिसले असते तेवढेच लिहायचे. मूळ रहिवाशांच्या तोंडी तोडकीमोडकी भाषा घालण्याचा मोह मुलांना होतो, कारण जुन्या पुस्तकांत ती तशी असते. ती माणसे आपसांत अस्खलित बोलत होती, ही आठवण करून द्यावी.

वही तपासणाऱ्याने स्वतःला आवरावे. एका स्पर्धेत आमच्या एका मुलाची वही केवळ ‘तात्पर्य लिहिलेले नाही’ या कारणाने मागे पडली, त्याचे मला अजूनही वाईट वाटते. चुकीचे तथ्य असेल तर उजव्या पानावर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करावे. डाव्या पानाला हात लावू नये. काही मुले वही दाखवायला नकार देतात. अशा वेळी फक्त उजवी पाने पाहू द्यावीत अशी विनंती करावी, आणि तेही नको असेल तर पुस्तकाबद्दल जेवताना गप्पा माराव्यात.

राहता राहिली वहीची निगा. शाईच्या पेनाने लिहिलेली पाने आपल्या पावसाळ्यात फुटतात आणि गणपतीपर्यंत त्यांना बुरशी धरते, म्हणून बॉलपेन वापरावे, वही पिशवीत घालून चुलीजवळच्या फळीवर ठेवावी, आणि उजवी पाने भरायची राहिली असतील तर ती पाऊस उघडल्यावर, वाचनालयापर्यंतचा रस्ता सुकला की भरावीत.