फाउंडेशनची शेड घेताना आरसा दुकानाच्या दारात न्या

माझ्या लग्नाच्या अल्बममधला एक फोटो मी आजही हाताखाली शिकणाऱ्या मुलींना दाखवते. अक्षता पडतायत, मी मान खाली घालून उभी आहे, गळ्यात साज आणि ठुशी, आणि चेहरा राख फासल्यासारखा. कान मात्र गव्हाळ. चेहरा एकीचा आणि कान दुसरीचे वाटावेत इतका फरक. मेकअप करणाऱ्या बाईंनी काम मनापासून केलं होतं. पण आत्यानं त्यांना सांगितलं, "फोटोत पोरगी जरा उजळ दिसूदे की," आणि त्यांनी माझ्या रंगापेक्षा दोन शेड फिका बेस, म्हणजे फाउंडेशन, लावला.

आता कोल्हापुरात नवरीचा मेकअप मी स्वतः करते, आणि तेच वाक्य जवळपास प्रत्येक घरात ऐकते. दर वेळी न कंटाळता सांगते: मावशी, पोरगी उजळ दिसेल, पण तिच्याच रंगात.

चेहरा राखाडी का पडतो, ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. फाउंडेशनमधला पांढरा रंग बहुतेक वेळा टायटॅनियम डायऑक्साइडचा असतो. पिवळा, तांबडा आणि काळा हे लोहाचे ऑक्साइड असतात. या चार रंगांच्या कमी-जास्त प्रमाणातूनच सगळ्या शेड तयार होतात. शेड जितकी फिकी, तितका त्यात पांढरा जास्त. तो पांढरा थर सावळ्या कातडीवर बसला की खालचा तपकिरी रंग त्यातून डोकावतो आणि वरून राखेची झाक येते. मग ती लपवायला आणखी थर, वर पावडर, आणि दुपारपर्यंत ओठांच्या कडेला भेगा.

पहिलं काम: कोऱ्या चेहऱ्याची पाहणी

सकाळी तोंड धुऊन, पुसून, दहा मिनिटं थांबा. चोळल्यानं आलेली लाली उतरू द्या. मग खिडकीशी उभं राहून हातातल्या आरशात बघा: कपाळ, गाल, तोंडाभोवतीचा भाग, कान, मान, गळ्याखालचा भाग. हे सगळं एकाच रंगाचं कुणाचंच नसतं. आपल्याकडं कपाळ आणि तोंडाभोवतीचा भाग गालांपेक्षा गडद असणं अगदी नेहमीचं आहे. त्यात रोज गाडीवरून जाणाऱ्या मुली नाकापर्यंत स्कार्फ बांधतात. कपाळाची आणि डोळ्यांभोवतीची पट्टी उन्हात रापते, गाल झाकलेले राहतात. कागल एमआयडीसीला रोज गाडीवरून जाणारी एक मुलगी माझ्याकडं आली होती, तिच्या नाकाच्या शेंड्यावर स्कार्फची रेघ स्पष्ट दिसत होती. तिच्या गालाशी जुळवलं तर कपाळ काळं दिसणार, कपाळाशी जुळवलं तर गाल मातकट.

अशा वेळी मान बघायची. गालावरचा रंग बदलता येतो, मान आणि गळा मात्र ब्लाउजच्या गळ्यापर्यंत उघडाच असतो. म्हणून शेड मानेशी जुळली पाहिजे. मान फारच रापलेली असेल तर मान आणि गळ्याखालचा भाग यांच्या मधला रंग धरा.

दुसरं काम: रंगामागची झाक

दोघी सारख्याच गव्हाळ, पण एकीला जी शेड शोभते ती दुसरीला तांबूस दिसते. कारण कातडीच्या रंगामागं एक झाक असते, तिला मेकअपवाले अंडरटोन म्हणतात. पिवळसर, गुलाबीसर, दोन्हींच्या मधली, आणि चौथी म्हणजे हिरवट-राखट, तिला ऑलिव्ह म्हणतात. ही चौथी झाक आपल्या लोकांत बरीच आढळते आणि दुकानात तिच्याकडंच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. सगळ्या शेड एकतर नारिंगी नाहीतर गुलाबी दिसतात अशी तुमची तक्रार असेल, तर तुमची झाक बहुधा हीच.

मनगटाच्या शिरा हिरव्या दिसतात की निळ्या, यावरून झाक ओळखायची युक्ती सगळीकडं सांगतात. सावळ्या हातावर शिरा नीट दिसतच नाहीत, म्हणून माझा तिच्यावर भरवसा नाही. त्यापेक्षा एकाच गडदपणाच्या दोन शेड घ्या, एक पिवळसर आणि एक गुलाबीसर, आणि जबड्यावर शेजारी-शेजारी लावा. जी उठून दिसते ती तुमची नव्हे. जी शोधावी लागते ती तुमची.

बाटलीवर बहुधा डब्ल्यू, सी किंवा एन असं अक्षर असतं: डब्ल्यू म्हणजे पिवळसर, सी म्हणजे गुलाबीसर, एन म्हणजे मधली. पण सगळ्यांचीच रीत एक नाही. मॅक या कंपनीत एनसी पिवळसर झाकेसाठी आणि एनडब्ल्यू गुलाबीसर झाकेसाठी असतं, म्हणजे पुष्कळजणी समजतात त्याच्या बरोबर उलट. एका कंपनीचा नंबर दुसरीकडं चालत नाही, म्हणून मैत्रिणीचा नंबर विचारून ऑनलाइन मागवू नका.

तिसरं काम: दुकानात

महाद्वार रोड असो की राजारामपुरी, खरेदीला सकाळी अकरा ते दुपारी चारच्या दरम्यान जा, आणि चेहऱ्यावर काही न लावता जा. संध्याकाळी दुकानातले पांढरे दिवे सगळ्याच शेड छान दाखवतात.

हाताच्या पाठीवर शेड बघू नका. हात आणि चेहरा यांचा रंग क्वचितच एक असतो. जबड्याच्या हाडावर, गालातून मानेत उतरणाऱ्या तीन उभ्या रेघा ओढा: एक तुम्हाला वाटते ती शेड, एक तिच्याहून फिकी, एक तिच्याहून गडद. टेस्टरला, म्हणजे दुकानातल्या नमुन्याच्या बाटलीला, कितीतरी जणींचे हात लागलेले असतात, म्हणून पर्समध्ये चार कानकाड्या ठेवा आणि त्यांनीच लावा. मग आरसा मागून घ्या आणि दाराशी जा. दुकानदार म्हणेल, "वहिनी, आत लाइट चांगला आहे." हसून हो म्हणा आणि तरीही दारात जा.

उजेडावर रंग कसा बदलतो हे या गावाला मुद्दाम सांगायला नको. बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी इथंच काढली, 1929 साली प्रभात फिल्म कंपनी इथंच सुरू झाली. त्या काळातल्या मूकपटांच्या फिल्मवर लाल रंग काळा उमटायचा, त्यामुळं रंगभूषा करणाऱ्याला डोळ्यांना काय दिसतं यापेक्षा कॅमेऱ्याला काय दिसेल याचा हिशेब करावा लागायचा. आपल्यालाही तोच हिशेब करायचा आहे, फक्त आपला कॅमेरा म्हणजे दिवसाचा उजेड.

आता सगळ्यात अवघड गोष्ट: थांबा. किमान पंधरा मिनिटं. फाउंडेशन ओलं असताना एक रंग दाखवतं आणि सुकल्यावर, घाम आणि तेल मिसळल्यावर, पुष्कळदा अर्धी ते एक शेड गडद किंवा नारिंगी होतं. तोवर ओट्या घ्या, बांगड्या बघा, चहा प्या. परत येऊन उन्हाच्या कडेला बघा. जी रेघ हरवली ती तुमची शेड.

दोन शेडमध्ये अडलात तर? रोजच्या वापराला किंचित गडद घ्या. गडद शेड सावलीसारखी मिसळून जाते, फिकी मुखवट्यासारखी वर तरंगते.

घेताना बाटलीवर उत्पादकाचा पत्ता, बॅच नंबर, मुदतीची तारीख बघा. उघड्या डबीचं लहानसं चित्र आणि त्यात 6 एम किंवा 12 एम असं लिहिलेलं असेल, तर उघडल्यापासून तितके महिने वापरायचं. निम्म्या किमतीत मिळणारा "तोच ब्रँड" चेहऱ्यावर लावू नका. आणि नवीन काहीही असलं तरी आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस ठेवा. लग्नाच्या आदल्या रात्री पुरळ उठलेली नवरी मी पाहिली आहे, आणि तेव्हा कुणाच्याच हातात काही उरत नाही.

शेड चुकलीच असेल तर

टाकून देऊ नका. फिकी बाटली घरात असेल तर त्याच कंपनीची, त्याच प्रकारची गडद शेड आणा आणि हाताच्या पाठीवर थेंब-थेंब मिसळा. वेगवेगळ्या प्रकारची मिसळलीत तर दोन मिनिटं थांबून बघा. नासलेल्या दुधासारखं फुटलं तर त्यांचं जमणार नाही. फार नारिंगी असेल तर निळ्या मिक्सरचा, म्हणजे फाउंडेशनमध्ये मिसळायच्या निळ्या रंगाचा, सुईच्या टोकाएवढा ठिपका नारिंगीपणा मारतो. एवढाच, जास्त नाही, नाहीतर हिरवट मातकट होतं.

लावताना

मॉइश्चरायझर, मग सनस्क्रीन, मग दहा मिनिटं पंख्याखाली बसा. फाउंडेशनमध्ये एसपीएफ लिहिलेलं असलं तरी सनस्क्रीन वेगळं लावा; उन्हापासून वाचायला जेवढा थर लागतो तेवढं फाउंडेशन कुणीच लावत नाही.

वाटाण्याएवढं घ्या. नाकाच्या दोन्ही बाजूंनी सुरुवात करा आणि बाहेर न्या. स्पंज भिजवून, घट्ट पिळून, दाबत-दाबत बसवा. घासलं की रेघा येतात. जबड्यापर्यंत येईतो स्पंजवर जवळपास काही उरता कामा नये. कपाळ रापलेलं असेल तर तिथं पातळ हात द्या, गालाएवढं उजळ करायच्या नादाला लागू नका. डोळ्यांखालचं काळं किंवा वांग असेल तर त्यावर फाउंडेशनचे थर चढवू नका. आधी नारिंगी करेक्टरचा, म्हणजे काळेपणा दाबणाऱ्या रंगीत क्रीमचा, अगदी पातळ हात, मग वर फाउंडेशन. पावडर फक्त कपाळ, नाक आणि हनुवटीवर.

मानेला शक्यतो काहीच लावू नका. शेड बरोबर असेल तर गरजच पडत नाही. ठुशी गळ्याला चिकटून बसते, फाउंडेशन मण्यांच्या मधल्या फटीत जातं, दोऱ्याला लागतं, आणि घामानं तो दोरा मळकट होऊन गळ्यावर रेघ उमटते.

फोटोसाठी एक परीक्षा जरूर करा. पूर्ण मेकअप झाल्यावर अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा फ्लॅश लावून फोटो काढा. झिंक किंवा टायटॅनियम असलेलं सनस्क्रीन आणि काही पांढऱ्या सेटिंग पावडरी आरशात दिसत नाहीत, पण फ्लॅश पडला की चेहऱ्यावर पांढरा डाग उमटतो. हे मांडवात कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

नवरीसाठी: हळदीचा हिशेब

मेकअपची ट्रायल हळदीच्या आधी घ्या, हळदीनंतर कधीही नाही. हळद लागल्यावर एक-दोन दिवस कातडी पिवळी राहते, आणि त्या रंगावर निवडलेली शेड आठवड्यानं खोटी ठरते. लग्न दुसऱ्याच दिवशी असेल तर हळद आधी खोबरेल तेलानं उतरवा. हळदीचा रंग तेलात विरघळतो, पाण्यात फारसा नाही. साबणानं खसखसून धुऊ नका: हळदीत चुना घातला की जसं लाल कुंकू होतं, तशीच ती साबणाच्या अल्कलीनंही लालसर होते, आणि वर कातडी कोरडी पडते. तेल, मऊ कापड, मग सौम्य फेसवॉश. तरीही किंचित पिवळेपणा राहिलाच तर ट्रायलच्या शेडमध्ये मधल्या झाकेच्या शेडचा एखादा थेंब घालते मी.

ट्रायल मुहूर्ताच्याच वेळी करा. साडेबाराच्या अक्षता आणि गोरज मुहूर्त यांचा उजेड पूर्ण वेगळा. गोरजाला कार्यालयातले पिवळे दिवे असतात, त्यात पिवळसर शेड आणखी पिवळी दिसते.

ऋतू आणि वही

मे महिन्यात तुम्ही ज्या रंगाच्या असता त्या रंगाच्या ऑगस्टमध्ये नसता. इथला पाऊस आठवडे-आठवडे ऊन दिसू देत नाही, आणि रापलेली कातडी हळूहळू उजळते. उन्हाची बाटली आणि पावसाची बाटली, अशा दोन शेड असू द्या आणि ऋतू बदलताना, जूनमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, दोन्ही मिसळून वापरा. पावसात घाम सुकत नाही, म्हणून थर निम्मा करा. थंडीत ओठांच्या कडा फुटतात, तिथं आधी मॉइश्चरायझर मुरू द्या.

मी एक वही ठेवते, तुम्हीही ठेवा. महिना, कंपनी, शेडचा नंबर, किती थेंब कशाचे, आणि शेजारी कागदावर त्या मिश्रणाचं एक बोट. कागदावरचा रंग पुढं बदलतो, म्हणून आकडे नीट लिहा. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर माझीच शेड आहे. तिच्याखाली लिहिलंय: कानाशी ताडून बघणे.