शनिवारी घाट, रविवारी माळ: जोडून दोन सायकल शर्यती करताना या चुका टाळा

थंडी पडली की पुणे-नाशिक भागात हौशी सायकलवाल्यांचे शर्यतींचे दिवस सुरू होतात. शनिवारी पहाटे घाटरस्त्यावर रोड रेस आणि रविवारी सकाळी माळावर एमटीबी (माउंटन बाइकची शर्यत), असा जोडून बेत अनेक जण आखतात. मला हा बेत मनापासून आवडतो. पण शनिवारी दणक्यात चालवलेली माणसं रविवारी निम्म्यात थांबलेली दिसतात, आणि विचारलं तर पायांची तक्रार फार कमी जण करतात. शनिवार दुपार ते रविवार पहाट या वेळात काहीतरी राहून गेलेलं असतं, नाहीतर डांबरावरची सवय मातीत तशीच नेलेली असते.

मागच्या हिवाळ्यात एमटीबी सुरू व्हायला वीस मिनिटं असताना शेजारच्या गाडीपाशी एक मुलगा घामाघूम होऊन चाकाशी झटत होता. "काका, चाक बसतच नाहीये. काल रात्रीपर्यंत व्यवस्थित होतं." हायड्रॉलिक डिस्क ब्रेकची सायकल, म्हणजे तेलाच्या दाबाने दोन पॅड चाकाच्या मध्यावरची धातूची चकती (डिस्क) दोन्ही बाजूंनी धरतात. डिकीत घालताना त्याने पुढचं चाक काढलं होतं आणि वाटेत सामानाखाली ब्रेकचा लिव्हर दाबला गेला होता. चाक नसताना लिव्हर दाबला की मध्ये डिस्क नसल्यामुळे दोन्ही पॅड एकमेकांजवळ येतात आणि तिथेच राहतात. मग डिस्क आत जाणार कशी? आम्ही प्लॅस्टिकचा टायर लिव्हर (टायर काढायची पट्टी) पॅडच्या फटीत घातला आणि हळूहळू दोन्ही बाजूंना दाबत पॅड ढकलणारे पिस्टन मागे सरकवले. पाच मिनिटांचं काम. स्क्रू ड्रायव्हर मात्र घालू नका, पॅडचा टवका उडतो. चाक काढलं की बिस्किटाच्या पुड्याचा पुठ्ठा दुहेरी करून पॅडच्या मध्ये सरकवून ठेवायचा. मी तो कायम टूलकिटमध्ये ठेवतो.

ब्रेकचीच दुसरी चूक शनिवारी रात्री होते. थकलेल्या हाताने चेनला स्प्रेचं तेल मारलं जातं आणि त्याचे बारीक थेंब मागच्या डिस्कवर उडतात. सकाळी ब्रेक किंचाळतो आणि धरत नाही. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली की साफ होते, पण तेल प्यायलेले पॅड घासून सुधारत नाहीत, ते बदलावेच लागतात. म्हणून पॅडचा एक जोड जवळ हवा. नवे पॅड घातल्यावर सपाट रस्त्यावर वेग घेऊन पंधरा-वीस वेळा हळूहळू ब्रेक लावा, मगच उताराला लागा. चेनला तेल थेंबाथेंबाने, बाटलीतूनच घाला.

हवा किती?

या एका गोष्टीवर माझं सगळ्यांशी बोलणं होतं, कारण सर्वांत जास्त पडझड इथूनच होते. रोडवर अठ्ठावीस मिलिमीटरचा टायर आणि सत्तर किलोचा माणूस असेल तर ७० ते ७५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरते. रविवारी त्याच पंपाने, त्याच "कडक" हवेच्या समजुतीने एमटीबीच्या टायरमध्ये ४५-५० भरली जाते. मुरमाच्या उतारावर हा टायर दगडावरून उड्या मारतो. वळणावर पुढचं चाक कडेला थरथरत सरकायला लागलं, की हवा जास्त आहे असं समजा. सव्वादोन इंचाचा टायर ट्यूबलेस असेल तर २२ ते २५, ट्यूब असेल तर २८-३० पासून सुरुवात करा आणि आदल्या दिवशी त्याच जमिनीवर एक फेरी मारून ठरवा. दगडावर रिमचा "टक्" आवाज आला तर दोन पीएसआय वाढवा.

पंक्चर झालं तर ट्यूबवरचं भोक बघा, कारण तेच सांगतं. शेजारी शेजारी दोन भोकं असली तर हवा कमी होती आणि ट्यूब रिमखाली चिमटली. बाहेरच्या बाजूला एकच बारीक भोक म्हणजे बाभळीचा काटा. तो अजून टायरमध्येच असतो, तेव्हा नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा. काटा असला की ते अडकतं. भोक आतल्या, रिमच्या बाजूला असेल तर रिमटेप (रिमवर ट्यूबखाली बसवलेली पट्टी) सरकली आहे. ती नीट बसवली नाही तर दुसरी ट्यूबही त्याच जागी फुटेल.

गावातला पंक्चरवाला मदतीला तयार असतो, पण त्याच्या कॉम्प्रेसरचं तोंड मोटारसायकलच्या व्हॉल्व्हचं असतं. आपला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह त्यात बसत नाही. पितळेचा छोटा अडॅप्टर अगदी स्वस्तात मिळतो, तो व्हॉल्व्हवरच घालून ठेवा. ट्यूबलेसवाल्यांनी आठवडाभर आधी चाक कानाशी हलवून पाहावं. आत सीलंटचा (भोक बुजवणाऱ्या द्रवाचा) डुबडुब आवाज आला नाही तर तो सुकला आहे, आणि आपल्या उन्हात तो दोन-तीन महिन्यांत सुकतो.

शनिवारच्या घाटात

सपाटीवर दुसऱ्याच्या मागे चिकटून चाललं की वारा कापावा लागत नाही आणि बरीच ताकद वाचते. घाटात वेग इतका उतरतो की हा फायदा जवळजवळ उरत नाही. तरीही घाट लागल्यावर पुढच्याचं चाक सोडायचं नाही म्हणून लोक छाती फुटेपर्यंत ओढतात. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला "घाटाचा राजा" म्हणतात. तो मान मिळवणारा खोपोलीपर्यंत ग्रुपच्या आडोशाने आलेला असतो, आणि मग चढावर आपल्या दमाने चालवतो. पहिल्या दोन वळणांत धाप लागून बोलताच येईनासं झालं, तर गिअर हलका करा आणि ग्रुप जाऊ द्या. पुढे त्यातले निम्मे भेटतात.

सीटवरून उभं राहताना सायकल वीतभर मागे येते आणि मागच्याच्या चाकाला लागते. पायडलवर दाब ठेवूनच उठा. तुमचं पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाशेजारी घुसलेलं असेल आणि ते घासलं, तर पडणार तुम्हीच. तिथे थांबू नका.

रिम ब्रेक (थेट रिमवर घासणारा) असेल तर लांब उतारावर तो सतत दाबून ठेवू नका. रिम तापतं, ट्यूब फुटू शकते. वळणाआधी जोरात, वळणात मोकळा.

खाण्याबद्दल थोडक्यात: भूक लागण्याआधी, पहिल्या अर्ध्या तासापासून, तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. एक केळं आणि चिक्कीची एक वडी म्हणजे त्यातलं बरंचसं आलं. ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच घाला. एक लिटरची पुडी लहान बाटलीत ओतली की पोट ढवळतं. शर्यतीनंतर तासाभरात वरणभात, खिचडी, दही, जे सोसतं ते खा. संध्याकाळी बक्षीस समारंभानंतरचं तळलेलं रविवारी चढावर आठवतं.

रविवारी मातीत

रोडवर वळताना बाहेरचा पाय खाली हे अंगवळणी पडलेलं असतं. मातीच्या सरळ उतारावर तसं केलं की खालचं पायडल दगडावर आपटतं. दोन्ही पायडल सपाट, ढोपरं आणि कोपरं वाकलेली, सीट खाली. दुसऱ्याच्या मागे चिकटायची सवयही इथे घातक आहे. धुळीत त्याच्या चाकाखालचा दगड तुम्हाला दिसत नाही, दोन-तीन सायकलींचं अंतर ठेवा. पुढचा ब्रेक सरळ असताना लावा. मुरमावर वळणात लावला की चाक निसटलंच.

शूज तपासा. रोडच्या क्लीटला (शूजच्या तळाशी लावलेला, पायडलमध्ये अडकणारा तुकडा) तीन स्क्रू, एमटीबीच्या क्लीटला दोन. पहाटेच्या अंधारात चुकीचा जोड गाडीत येतो. शूज त्या त्या सायकलच्या हेल्मेटसोबत आदल्या रात्रीच बांधून ठेवा.

आणि पडलात, तर उठून लगेच पायडल मारू नका. सायकलच्या मागे उभं राहून डिरेलर (चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा भाग) बघा. त्याचा हँगर (तो फ्रेमला ज्यावर अडकवलेला असतो ती पट्टी) आत वाकला असेल तर मोठ्या चक्रीवर गिअर टाकताच डिरेलर चाकाच्या तारांत जाईल आणि सगळंच मोडेल. सुटा हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, तो घरून आणलेला असेल तरच उपयोग. नसेल तर मधल्या दोन-तीन गिअरांवरच राहा, चढ आला तर उतरून ढकला. उशिरा का होईना, शर्यत पुरी होते आणि तारा शाबूत राहतात.