साथीचं मॉडेल शीटमध्ये कसं बनवायचं, आपल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागाच्या हिशोबानं

साथ आली की सगळे एकच विचारतात, पीक, म्हणजे एकावेळी सगळ्यात जास्त आजारी असण्याचा टप्पा, कधी येणार? पण मॉडेल तारखेसाठी नसतंच बघा, अमुक केलं तर किती माणसं आजारी पडतील आणि नाही केलं तर किती, हे आधी बघून घ्यायला असतं, आणि ते मोबाईलवरच्या एक्सेलसारख्या शीटमध्येही जमतं.

तीन कॉलम करा: अजून न झालेले, सध्या आजारी, बरे झालेले. केर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक यांनी १९२७ साली मांडलेलं हे एसआयआर मॉडेल. समजा निपाणीजवळचं ५००० वस्तीचं गाव आहे आणि १० जण आजारी आहेत. एक आजारी माणूस सुरुवातीला दिवसाला सरासरी ०.३ जणांना लागण देतो आणि सरासरी दहा दिवसांत बरा होतो असं धरा. मग आजच्या नव्या केसेस म्हणजे ०.३ गुणिले आजारी गुणिले न झालेले भागिले ५०००, साधारण ३. आजाऱ्यांचा दहावा हिस्सा, म्हणजे १, बऱ्यांत टाका. उद्या आजारी १० अधिक ३ वजा १, म्हणजे १२, आणि न झालेल्यांतून ३ कमी. एक ओळ म्हणजे एक दिवस, हाच फॉर्म्युला दोनशे ओळी खाली ओढला की ग्राफ तयार.

आता ०.३ च्या जागी ०.१५ घाला. आधी एकावेळी सुमारे १५०० जण आजारी दिसत होते, आता तीनशेच्या आसपास. गाठीभेटी निम्म्या केल्या आणि पीक पाचव्या हिश्श्यावर आलं! शंभरात दोघांना बेड लागतो असं धरलं तर कुठं ३० बेड आणि कुठं ६, तालुक्याच्या दवाखान्यात काम करणाऱ्याला विचारा हा फरक काय असतो ते.

पण हे मॉडेल गाव बंद आहे असं धरून चालतं, आणि आपल्याकडं तसं कुठं आहे? निपाणीचा माणूस कागल-कोल्हापूरला जातो, अथणीचा मिरजेला, चंदगडचा बेळगावात बाजाराला येतो. म्हणून बाहेरून लागण घेऊन येणाऱ्यांचा वेगळा कॉलम हवाच. रोज २ जण धरा, तेवढे न झालेल्यांतून काढून आजाऱ्यांत घाला. आता गावातला आकडा ०.०८ वर आणला तरी, जिथं साथ एरवी आपोआप विझली असती तिथं, आजारी पन्नास-सत्तरच्या दरम्यान कितीतरी दिवस रेंगाळत राहतात. मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं, एका राज्यानं कितीही कडक नियम केले आणि पलीकडचे आकडे बघितलेच नाहीत तर उपयोग अर्धाच.

चिंचलीच्या मायाक्काची जत्रा, सौंदत्तीची यल्लम्मा, अशा दिवसांच्या ओळींत ०.३ चा आकडा वाढवून बघा, साथ नुकती सुरू असेल तर त्याच आठवड्यात ग्राफ फारसा हलत नाही, खरा चढ नंतर दिसतो, म्हणून बेडची तयारी जत्रेआधीच ठरवायची.

खऱ्या केसेस आशाताईंकडून कळतील तशा शेजारच्या कॉलममध्ये भरत जा, मिरज-कोल्हापूरला ऍडमिट झालेले आपल्या गावचे पेशंटही त्यात धरा, नाहीतर आकडा कमी दिसतो. आणि पंचायतीत एकच ग्राफ नेऊ नका, ०.२, ०.३ आणि ०.४ असे तीन काढा आणि तिन्हीला किती बेड लागतात ते लिहून न्या.