टायर बदलायला जाताय? चाकाच्या नटांसाठी आधीची आणि नंतरची तयारी

टायर बदलायचा दिवस ठरला की आदल्या संध्याकाळी अर्धा तास गाडीपाशी काढा. सगळ्यात आधी मॅन्युअल उघडा आणि चाकाच्या नटांचा टॉर्क, म्हणजे नट किती जोराने आवळायचा तो आकडा, शोधा. बहुतेक प्रवासी गाड्यांचा आकडा साधारण 80 ते 140 न्यूटन मीटरच्या दरम्यान असतो, पण तुमच्या गाडीचा नेमका आकडा कंपनीने दिलेलाच धरायचा, शेजाऱ्याच्या गाडीचा नाही. तो मोठ्या अक्षरात कागदावर लिहून डॅशबोर्डवर ठेवा. दुकानात गडबड सुरू झाली की तोंडी सांगितलेला आकडा हवेत विरतो, लिहिलेला विरत नाही.

मग गाडी जमिनीवर असतानाच व्हील पाना घ्या आणि एकेक नट थोडा सैल करून लगेच परत घट्ट करा. एका वेळी एकच. गाडीसोबत आलेल्या पान्याने एखादा नट हलतच नसेल, तर तो कोणता ते लिहून ठेवा. मी हे पूर्वी कधीच करत नव्हते. एकदा टायर बदलून महिना झाला असताना रात्री, भर पावसात पंक्चर झालं. मागे मुलगी झोपलेली. पाचपैकी चार नट जीव काढून सुटले, पाचवा जागचा हलेना. एका ट्रकवाल्या दादांनी थांबून पान्याला लांब पाइप लावला, तर नट सुटायच्या ऐवजी स्टडच, म्हणजे नट ज्यावर चढतो तो आट्यांचा दांडाच, तुटला. त्या नटावर किती जोर लावून ठेवला होता, ते मला तेव्हा कळलं. पंक्चर ही अर्ध्या तासाची अडचण असते. आम्हाला तीन तास लागले, आणि ते तीन तास मी अजून विसरलेले नाही.

त्याच संध्याकाळी लॉक नटची चावी कुठे आहे ते बघा. अ‍ॅलॉय चाकं असतील तर प्रत्येक चाकाला एक वेगळ्या खाचांचा नट असू शकतो आणि तो फक्त त्याच्या चावीनेच निघतो. चावी गनला, म्हणजे दुकानातल्या नट फिरवायच्या मशीनला, लावली की तिच्या खाचा झिजतात, कधी ती तुटतेही. म्हणून ती दुकानदाराच्या हातात देतानाच सांगायचं, ही हातानेच फिरवा. नटांचे फोटोही काढून ठेवा. दिसायला सारख्या नटांची बैठक वेगवेगळी असते: काहींची शंकूसारखी तिरकी, काहींची गोल, काहींची सपाट आणि खाली वायसर. होंडाच्या बऱ्याच गाड्यांना मूळचे नट गोल बैठकीचे असतात, टोयोटाच्या अनेक अ‍ॅलॉय चाकांना वायसरवाले. चुकीच्या बैठकीचा नट रिमला पूर्ण टेकत नाही. घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि पुढे सुटतो. आट्यांचंही तेच. 12 मिलिमीटरच्या स्टडच्या दोन आट्यांमधलं अंतर 1.5 मिलिमीटर असेल आणि हाताला 1.25 चा नट आला, तर तो एखाद-दोन फेरे जातो आणि अडकतो. तिथे गन चालवली की आटे मेलेच.

टॉर्क रेंच, म्हणजे लावलेल्या आकड्याइतका जोर झाला की "टक" वाजणारा पाना, स्वतःचा न्या. उसना मिळाला तरी चालेल, पण न्याच. त्याने नट सोडवायचा नाही, फक्त आवळायचा, आणि काम झालं की सेटिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचं.

दुकानात पोहोचलात की गाडी जॅकवर चढायच्या आधी बोला. "दादा, नट आधी हाताने फिरवा, गन शेवटपर्यंत मारू नका, शेवटचा ताण या टॉर्क रेंचने देऊ." एवढंच, शांतपणे. काम करणाऱ्या मुलावर चिडू नका. दिवसभरात किती चाकं त्याच्या हाताखालून जातात, गन हाच त्याचा वेग असतो, आणि ती नटाचं काय करते हे त्याला बहुधा कोणी सांगितलेलंच नसतं.

त्या गनचं गणित डोक्यात असू द्या. 110 न्यूटन मीटर म्हणजे अर्धा मीटर लांब पान्याच्या टोकाशी साधारण 22 किलोंचा जोर. एवढंच हवं असतं. अर्ध्या इंचाची चांगली गन मात्र 500 च्या पुढे सहज जाते. पान्यावर उभं राहून उड्या मारणाऱ्याचा जोरही त्याच जातीचा. नट अति आवळला की स्टड लांबतो, आणि एका हद्दीपलीकडे ताणला गेला की तो परत मूळ लांबीवर येत नाही. तो स्प्रिंगसारखा ताणून राहिला तरच रिम हबला दाबून धरली जाते, आणि त्या दाबामुळे होणाऱ्या घर्षणावरच चाकाचा भार असतो. म्हणून सैल नटाइतकाच अति घट्ट नटही धोक्याचा. नट कमी-जास्त आवळले गेले तर ब्रेक डिस्क वाकडी बसते, आणि काही हजार किलोमीटरनंतर ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरू लागतं. तेव्हा दोष ब्रेकला दिला जातो.

चाक उतरलं की हबकडे, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाकडे, बघा. हब आणि रिम जिथे एकमेकांना टेकतात त्या जागी गंज, मातीचा थर किंवा रंगाचा पोपडा असेल तर तो तारेच्या ब्रशने घासून घ्या, हवं तर ब्रश घरून न्या. मधला थर पुढे दबून पातळ होतो आणि नट आपोआप ढिले पडतात. आट्यांना तेल-ग्रीस लावू देऊ नका. टॉर्कचा बहुतेक भाग घर्षणातच जातो, जेमतेम दहावा हिस्सा स्टड ताणायला उरतो. तेल लावून घर्षण घटवलं की तोच आकडा स्टडला कितीतरी जास्त ओढतो.

आता नट हाताने लावायचे. बोटांनी किमान सहा-सात पूर्ण फेरे सहज जायला हवेत. मध्येच अडला तर जोर नाही करायचा, उलटा काढून पुन्हा सरळ लावायचा. तिरका चढलेला नट गनने आवळला तर वरून घट्ट दिसतो आणि आतले आटे कापून टाकतो. पाच नट असतील तर चांदणीच्या क्रमाने, चार असतील तर समोरासमोर, आधी अर्ध्या ताणाने सगळे. मग टायर जमिनीला टेकेल इतका जॅक खाली घ्या आणि त्याच क्रमाने पूर्ण टॉर्क. "टक" झालं की थांबा, पुन्हा पुन्हा टकटक करू नका.

इथेच सगळ्यात मोठी फसगत होते. नट आधीच गनने करकचून बसवलेला असेल, तर टॉर्क रेंच लावताक्षणी टक करेल आणि सगळे म्हणतील, बघा, बरोबर आहे. त्या आवाजाचा अर्थ एवढाच, की ताण ठरल्यापेक्षा कमी नाही. जास्त किती आहे ते रेंच सांगत नाही. नट थोडासुद्धा न फिरता टक झाला, तर तो पूर्ण सैल करून परत आवळायला सांगा. मागची गाडी हॉर्न मारत असली तरी.

निघायच्या आधी भराभर बघून घ्या: नट मोजा, टायरवरचे बाण चाक फिरण्याच्या दिशेला आहेत का, हवा भरली का, स्टेपनी जागेवर आहे का. लॉक नटची चावी हातात आल्याशिवाय गाडी सुरू करू नका. ती दुकानातच राहिल्याचं पुढच्या पंक्चरच्या वेळी कळतं.

50 ते 100 किलोमीटर झाले की चाकं थंड असताना टॉर्क परत तपासा. नवी रिम किंवा नवा रंग असेल तर हे टाळूच नका. तपासल्यावर नटावरून रिमवर जाणारी रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. नटाभोवतून बाहेर पसरणारे गंजाचे ओघळ हीसुद्धा नट ढिला असल्याची खूण.

चालत्या गाडीत चाकाकडून टक-टक ऐकू आलं किंवा अचानक थरथर सुरू झाली, तर दुकानापर्यंत हळूहळू जाऊ असं म्हणू नका. जागा बघून लगेच थांबा आणि नट तपासा. ढिल्या नटांवर गाडी चालली असेल तर रिमची भोकं लांबट झाली आहेत का बघा, झाली असतील तर ती रिम वापरू नका. त्या चाकाचे सगळे स्टड आणि नट बदला. एकच स्टड तुटला असला तरी त्याच्या शेजारच्यांनी जास्तीचा भार सोसलेला असतो, त्यामुळे नुसता तुटलेला बदलून भागत नाही.